टॅगिंगचं काम मिळालंय, इंटर्नशिप वाया जाईल का?

प्रश्न : मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कंपनीच्या क्लाउड टीममध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. पहिल्याच आठवड्यात एडब्ल्यूएसवरच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या) दोन हजारांहून जास्त रिसोर्सेसची, म्हणजे सर्व्हर, डिस्क, डेटाबेस वगैरेंची, एक्सेल शीट हातात दिली आणि सगळ्यांना टॅग, म्हणजे ‘नाव आणि व्हॅल्यू’ अशा जोडीच्या चिठ्ठ्या, लावायला सांगितलं. बरोबरीचे मित्र कोडिंग करतायत आणि मी रकाने भरतेय. टीम बदलून मागू का?

उत्तर : आत्ता मागू नकोस. रकाने भरणं कंटाळवाणं आहे हे खरं, पण तुझ्या हातात आलेला प्रश्न रकान्यांपेक्षा बराच मोठा आहे. क्लाउडवर सर्व्हर, डिस्क, डेटाबेस काही मिनिटांत उभे राहतात आणि महिन्याअखेर सगळ्यांचं बिल एकत्र येतं. कोणती मशीन कुणाची, कशासाठी चालू आहे, ती बंद केली तर कुणाचं काम अडेल, हे टॅगशिवाय कळायला मार्ग नसतो. म्हणून मग ती कुणी बंदच करत नाही. हा गुंता सोडवता येणारा माणूस प्रत्येक क्लाउड टीमला हवा असतो.

शीट बाजूला ठेव आणि आधी तिघांना भेट. अकाउंट्सवाल्यांना विचार, खर्च कोणत्या विभागावर टाकायचा असतो. ऑपरेशन्सवाल्यांना विचार, रात्री बिघाड झाला तर फोन कुणाला लावता. सिक्युरिटीवाल्यांना विचार, ग्राहकांचा डेटा कुठे आहे हे कसं ओळखता. त्यांच्या उत्तरांतूनच टॅगची नावं निघतील : कॉस्ट सेंटर (खर्च ज्याच्या नावावर टाकायचा तो विभाग), ओनर, एन्व्हायर्नमेंट (प्रत्यक्ष वापरातलं की टेस्टिंगचं), ॲप्लिकेशन, डेटाचा प्रकार. सक्तीचे टॅग पाच-सहा पुरेत. पंधरा ठेवलेस तर लोक निम्म्यांत ‘एनए’ भरून मोकळे होतात. ओनरमध्ये माणसाचं नाव लिहू नकोस, टीमचा ग्रुप ईमेल लिही. माणसं नोकरी सोडतात. पासवर्ड किंवा कुणाची खासगी माहिती टॅगमध्ये कधीही नको, कारण टॅग बिलात आणि रिपोर्टांत जातात, बऱ्याच जणांना दिसतात.

स्पेलिंगचा नियम पहिल्याच दिवशी ठरव. एडब्ल्यूएसमध्ये एका रिसोर्सला ५० टॅग लावता येतात. नाव १२८ अक्षरांपर्यंत, व्हॅल्यू २५६ पर्यंत. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं तिथे वेगळी धरली जातात, त्यामुळे एकाने कॅपिटल ‘ओ’ने आणि दुसऱ्याने स्मॉल ‘ओ’ने ‘ओनर’ लिहिलं की खर्चाच्या रिपोर्टमध्ये दोन वेगळे टॅग दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरमध्येही मर्यादा ५०चीच, पण नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाहीत, व्हॅल्यूत धरतात. गूगल क्लाउडवर खर्चासाठी जे वापरतात त्याला लेबल म्हणतात; ती ६४ पर्यंत, नाव आणि व्हॅल्यू प्रत्येकी ६३ अक्षरांच्या आत, आणि कॅपिटल अक्षरं चालतच नाहीत. (तिथे ‘टॅग’ नावाची वेगळी सोय आहे, ती धोरणं आणि परवानग्यांसाठी. मुलाखतीत यावर हमखास गोंधळ होतो.) सगळं स्मॉल अक्षरांत, शब्दांमध्ये हायफन, ६३च्या आत, असा नियम टॅगच्या नावांसाठी केलास तर तो तिन्हीकडे चालतो.

आता सगळ्यात जपून करायची गोष्ट. जुना टॅग ‘सुधारण्या’आधी त्याच्यावर काय अवलंबून आहे ते शोध. समजा, एका डेटाबेसवर एन्व्हायर्नमेंटची व्हॅल्यू ‘प्रॉड’ आहे आणि नव्या नियमाप्रमाणे ती ‘प्रॉडक्शन’ करायची आहे. बॅकअप प्लॅन ‘प्रॉड’ टॅग बघूनच रिसोर्स निवडत असेल, तर तुझ्या बदलानंतर तो डेटाबेस बॅकअपमधून गुपचूप बाहेर पडतो. एरर येत नाही, अलार्म वाजत नाही. डेटा परत आणायची वेळ येते तेव्हाच कळतं. रात्री मशीन बंद करणाऱ्या स्क्रिप्ट आणि टॅग बघून परवानगी देणाऱ्या आयएएम पॉलिसी यांचंही तेच. म्हणून कोड रिपॉझिटरी, बॅकअप प्लॅन आणि आयएएम पॉलिसींमध्ये जुनी व्हॅल्यू सर्च कर. सापडली तर आधी तिथे दोन्ही व्हॅल्यू चालतील असं करून घे, मग टॅग बदल, जुनी व्हॅल्यू शेवटी काढ.

हाताने टॅग लावत बसू नकोस, पायथनमध्ये स्क्रिप्ट लिही. कोडिंग हवं होतं ना, ते इथेच आहे. एडब्ल्यूएसच्या रिसोर्स ग्रुप्स टॅगिंग एपीआयला (स्क्रिप्टमधून टॅग लावायची सोय) एका कॉलमध्ये २० एआरएन (प्रत्येक रिसोर्सचा ओळख-पत्ता) देता येतात. कॉल यशस्वी झाला म्हणजे सगळे टॅग लागले असं समजू नकोस. न लागलेल्यांची यादी उत्तरात वेगळी येते, ती वाचून लॉगमध्ये टाक. आणखी एक फसवी जागा : याच एपीआयने यादी काढलीस तर फक्त टॅग असलेले किंवा पूर्वी कधीतरी टॅग लागलेले रिसोर्स मिळतात. ज्यांना कधीच टॅग नव्हता, म्हणजे नेमके तुला हवे असलेले, ते त्यात येत नाहीत. तुझी शीट अशीच काढलेली नाही ना, हे आधी विचार. पूर्ण यादीसाठी एडब्ल्यूएस कॉन्फिग (रिसोर्सची नोंद ठेवून नियम तपासणारी सेवा) किंवा रिसोर्स एक्सप्लोरर वापर.

मग गळती बंद करायची. ईसीटू मशीनला (एडब्ल्यूएसवरच्या सर्व्हरला) टॅग लावला म्हणून तिच्या डिस्कला तो आपोआप लागत नाही. मशीन टर्मिनेट केली की रूट डिस्क सहसा तिच्यासोबत जाते, पण नंतर जोडलेल्या डिस्क मागे राहतात आणि कुणी वापरत नसलं तरी पूर्ण आकाराचे पैसे लागत राहतात. टॅग नाही, म्हणून वाली नाही. यासाठी लाँच टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नवी मशीन ज्यावरून उभी राहते त्या साच्यात, इन्स्टन्स (मशीन) आणि व्हॉल्यूम (डिस्क) दोन्हींसाठी टॅग दे. ऑटो स्केलिंग ग्रुप (गरजेप्रमाणे मशीन आपोआप वाढवणारी-कमी करणारी सोय) असेल तर टॅग नव्या मशीनवर उतरवायचा पर्याय चालू कर. टेराफॉर्म (कोड लिहून रिसोर्स उभे करायचं साधन) वापरत असाल तर एडब्ल्यूएस प्रोव्हायडरमध्ये डिफॉल्ट टॅग्ज लिही, मात्र ऑटो स्केलिंगने उभ्या केलेल्या मशीनपर्यंत ते पोचत नाहीत हे ध्यानात ठेव.

टॅग नसेल तर रिसोर्स बनूच द्यायचा नाही, असा नियम सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीने (कंपनीच्या अकाउंट्सवर वरून घालायच्या बंधनाने) करता येतो. तो एकदम लावलास तर कोड आपोआप क्लाउडवर चढवणाऱ्या चालू पाइपलाइन धडाधड फेल होतील आणि दोष तुझ्या कामाला लागेल. आधी कॉन्फिगचा ‘रिक्वायर्ड टॅग्ज’ रूल लाव. तो सहा टॅगपर्यंत तपासतो आणि नुसतं दाखवतो, अडवत नाही. काही आठवडे टीमना त्यांच्या चुका पाठव, आकडा खाली आला की मग नकार चालू कर, तोही आधी टेस्टिंगच्या अकाउंटवर.

खर्चाच्या रिपोर्टसाठी बिलिंग कन्सोलमध्ये टॅग वेगळा ॲक्टिव्हेट करावा लागतो. तो यादीत दिसायला २४ तासांपर्यंत आणि ॲक्टिव्हेट व्हायला आणखी २४ तासांपर्यंत लागू शकतात. हे पहिल्या आठवड्यातच करून घे, कारण रिसोर्सवर टॅग नव्हता त्या दिवसांचा खर्च टॅगविनाच राहतो. शंभर टक्के खर्च वाटला जाईल अशी अपेक्षाही नको. सपोर्टचं शुल्क, कर, सामायिक नेटवर्क यांना टॅग पुरत नाही. त्यांची वाटणी कशी करायची ते अकाउंट्सवाल्यांशी बोलून ठरवावं लागतं.

पुढच्या वाटांचं विचारशील तर फिनऑप्स (क्लाउडच्या खर्चाचं व्यवस्थापन), प्लॅटफॉर्म इंजिनिअरिंग (बाकीच्या टीमसाठी सामायिक साधनं बांधणं) आणि क्लाउड सिक्युरिटी या तिन्हींकडे इथून जाता येतं. फिनऑप्स फाउंडेशन २०२० पासून लिनक्स फाउंडेशनचा भाग आहे आणि त्यांचं ‘सर्टिफाइड प्रॅक्टिशनर’ प्रमाणपत्र आहे. पण त्याआधी एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर हे प्रमाणपत्र कर आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं कर, कारण बिलाच्या लाखो ओळी एसक्यूएलनेच वाचाव्या लागतात. स्वतःच्या खात्यावर सराव करणार असशील तर काहीही उभं करण्याआधी बजेट अलर्ट लावून ठेव.

आजच एक आकडा लिहून ठेव : एकूण खर्चापैकी किती टक्के खर्चाचा मालक टॅगवरून कळतो. रिसोर्सेसची संख्या मोजू नकोस. हजार छोट्या फाइल-बकेटपेक्षा एक मोठा डेटाबेस जास्त खर्चिक असू शकतो. इंटर्नशिपच्या शेवटी हाच आकडा पुन्हा काढ. दोन्ही आकडे, स्क्रिप्ट आणि नियम, एवढं रिझ्युमेमध्ये दोन ओळींत मांडलंस की मुलाखत घेणारा नेमके प्रश्न विचारेल आणि तुझ्याकडे उत्तरं असतील.

हे सगळं मेंटॉरसमोर एका पानात लिहून मांड आणि स्क्रिप्टसाठी टेस्टिंग अकाउंटची परवानगी माग. ‘नको, शीटच भर’ असं उत्तर आलं आणि महिनाभर तेच चालू राहिलं, तर मात्र टीम बदलून मागायला अजिबात संकोच करू नकोस.