फोनिक्समधले (अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकण्याच्या पद्धतीतले) स्वरांचे नियम पाठ होतात, पण शब्द वाचताना फसतात. काय करावं?

तुम्हाला पुढे मुलांना इंग्रजी वाचन शिकवायचंय आणि नियमांपेक्षा अपवादच जास्त दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. मी ठाण्यात मराठी माध्यमाच्या लहान मुलांना हेच शिकवते. माझ्या मते पाठ करण्याआधी कुठला नियम किती भरवशाचा आहे ते बघा.

'दोन स्वर शेजारी आले की पहिला दीर्घ, दुसरा मुका' हा नियम सर्रास सांगतात. अमेरिकी वाचन-अभ्यासक थिओडोर क्लायमर यांनी १९६३ मध्ये मुलांच्या वाचनमालांतल्या शब्दांवर तो तपासला, तर ४५ टक्केच शब्दांना लागू पडला. शब्दाच्या शेवटच्या मुक्या 'ई'मुळे आधीचा स्वर दीर्घ होतो, हा नियम ६३ टक्के. म्हणून स्वरांच्या जोड्या एकेक करून शिका. 'ओए' बोट, कोट, रोडमध्ये सरळ वागतो. 'ईए' मात्र सीट, ब्रेड आणि ग्रेटमध्ये तीन वेगळे आवाज देतो. त्यातले ब्रेड आणि ग्रेट मराठीत लिहिले की एकाच मात्रेचे दिसतात, त्यामुळे आधी आपला कान तयार करावा लागतो. बेड-बॅड, शिप-शीप या जोड्या रोज मोठ्याने म्हणा.

सुरुवात कॅट, पिन, हॉप अशा, दोन व्यंजनांमध्ये एकच ऱ्हस्व स्वर असलेल्या शब्दांनी करा. व्यंजनाचा पाय मोडूनच आवाज काढा: ब्-ॲ-ट्. 'ब'ला 'अ' चिकटला की मूल 'बअट' म्हणतं आणि शब्द जुळतच नाही. हे जमल्यावर मुका 'ई' आणा. मी पुठ्ठ्याच्या पट्टीवर 'कॅप'ची अक्षरं लिहून टोकाला 'ई' घडी घालून लपवते. घडी उघडली की कॅपचं केप, पिनचं पाइन, हॉपचं होप. हे मुलांच्या हातात द्या, ती स्वतः नियम सांगतात.

आणि एक. ही मुलं मग दिसेल ती पाटी वाचू लागतात. ठाणे स्टेशनवरचं इंग्रजी नाव 'थेन' वाचलं, किंवा ऐरोलीचा 'एआय' 'रेन'सारखा उच्चारला, तर चुकलास म्हणू नका. नियम त्याने बरोबर लावलाय. फक्त ही आपली नावं रोमन अक्षरांत लिहिली आहेत, त्यांना इंग्रजीचे नियम लागत नाहीत, एवढं सांगा.

'कार', 'बर्ड'मधला 'आर'ने बदललेला स्वर त्यानंतर घ्या. 'बनाना'मधला, जोर न देता उच्चारला जाणारा 'अ' सगळ्यात शेवटी.