शक्तीवाल्या मुलांची घातकी शाळा : वाचक विचारतो, ‘ही पोरं पळून का जात नाहीत?’

तुमच्या कादंबरीची अडचण थोडक्यात अशी : अंगात विलक्षण शक्ती असलेल्या १४ ते १७ वर्षांच्या मुलांची निवासी शाळा, वरून छान, आतून घातकी. पण शाळेत काळंबेरं आहे हे वाचक तिसऱ्या प्रकरणातच ओळखतो आणि मुलं तिथे राहतातच कशाला, असं विचारतो.

वाचकाने ओळखलं तर ओळखू दे. मलपृष्ठ वाचूनच त्याने पुस्तक उचललेलं असतं, शाळा भली निघेल अशी त्याची अपेक्षाही नसते. खरी गोची दुसऱ्या प्रश्नात आहे. मुलांना तिथे राहायला सबळ कारण हवं आणि ते पहिल्या चतुर्थांशातच दिसायला हवं. ज्या मुलीच्या हातून घरचे पडदे दोनदा पेटले, तिला इथे पहिल्यांदा न जळणारी खोली मिळते. तिला कुणी घाबरत नाही. शेजारच्या पलंगावरची मुलगी तिच्या हातावर कागद धरून म्हणते, ‘पेटव ना, बघू.’ शाळेचं गुपित फुटल्यावरही हा फायदा खराच राहिला पाहिजे, तरच पळून जाताना तिला काहीतरी सोडावं लागेल. सगळं सुख खोटं निघालं तर निर्णय फार सोपा होतो.

त्यानंतर एक पान असं लिहा जे कादंबरीत कधीच येणार नाही : मुख्याध्यापिकेचा हिशेब. पैसे कोण देतं? बदल्यात त्याला काय मिळतं? मूल १८ वर्षांचं झालं की त्याचं काय होतं? ज्याची शक्ती शाळेच्या उपयोगाची नाही, त्याचं काय करतात? ‘जगावर राज्य’ हे उत्तर आलं तर पान फाडा. त्यातून रोजच्या वेळापत्रकात काहीच उतरत नाही. ‘शक्ती १८नंतर ओसरते, त्याआधी ती काढून घ्यायची’ हे उत्तर कामाचं आहे, कारण मग वजन, उंची, झोप, रक्त, सगळ्याची नोंद ठेवावी लागते आणि नोंदी दिसतात.

भीती उभी करायला वादळ आणि तळघर लागत नाही. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६१ साली तुरुंग, मनोरुग्णालयं, लष्करी बराकी आणि निवासी शाळा एकाच पंक्तीत बसवल्या : झोप, काम, खेळ सगळं एका छताखाली, एकाच अधिकाऱ्याच्या हुकमाने. आत येतानाच स्वतःच्या वस्तू काढून घेतल्या जातात, आणि बाहेर जे सहज मिळायचं ते आत बक्षीस म्हणून मिळतं. तुमच्या शाळेला हे जसंच्या तसं लागू करा. घरी लिहायची पत्रं घ्या. पहिल्या महिन्यात ती बंद पाकिटात जातात. पुढे ‘टपालखर्च वाचतो’ म्हणून उघडीच गोळा होतात. मग चांगल्या गुणांच्या मुलांनाच पत्र लिहायची परवानगी मिळते. तिन्ही पायऱ्यांमध्ये दोन-तीन प्रकरणांचं अंतर ठेवा आणि प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं द्या.

शिक्षकांनाही हेच. सगळे दुष्ट दाखवले की ते पुठ्ठ्याचे वाटतात. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली येल विद्यापीठात केलेल्या प्रयोगात शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्यायचे होते. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. १५ व्होल्टपासून ४५०पर्यंत ३० बटणं, दर वेळी फक्त १५ व्होल्टची वाढ. पहिल्या प्रसिद्ध निष्कर्षांत ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. तुमच्या प्रेमळ विज्ञानशिक्षकाची ३० बटणं कोणती, ते ठरवा. पंधरावं बटण दाबताना तो मुलांसमोर विनोद करत असला तर उत्तम.

आता शक्तींकडे या, कारण कथानकाला भोकं इथेच पडतात. मन वाचणारं एक पात्र आणलं की रहस्य पाचव्या पानावर संपतं. त्याला मर्यादा घाला : स्पर्श लागतो, आणि समोरचा त्या क्षणी ज्याचा विचार करतोय तेवढंच कळतं. मग त्या मुलाशी बोलताना सगळे शिक्षक मनात पाढे म्हणतात, हाच एक सुगावा होतो. अदृश्य मुलगी असेल तर प्रकाश तिच्या डोळ्याच्या पडद्यावरूनही आरपार जाईल, म्हणजे अदृश्य असताना ती आंधळी. हेरगिरी करायची तर कानांनी. एका ठिकाणाहून अदृश्य होऊन दुसरीकडे उगवणारा मुलगा मात्र शक्यतो ठेवूच नका. त्याला शाळेत डांबून ठेवण्याच्या नियमातच तुमची निम्मी पानं जातील.

प्रत्येक शक्तीची किंमत आकड्यात काढा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. शक्ती स्नायूंसारखी चालते असं धरलं तर खर्चाचा साधारण चौथा हिस्साच कामी येतो, म्हणजे ३०० किलोकॅलरी. दहा लिटर उकळणाऱ्या मुलीला ३,००० किलोकॅलरी लागतील. कित्येक मुलींना दिवसभरात एवढं अन्न लागतही नाही. ती सतत भुकेली असणार, आणि शाळा तिचं ताट मोजणार. वाक्यात फरक बघा. ‘त्या भयाण इमारतीकडे पाहताच तिच्या अंगावर काटा आला’ यातून वाचकाला काही मिळत नाही. याउलट : ‘मेसमधल्या काकूंनी ताट वाढून झाल्यावर वजनकाट्यावर ठेवलं, वहीत आकडा लिहिला आणि म्हणाल्या, उरलंसुरलं टाकू नकोस हं, परत आण.’ इथे काकू मायाळूच आहेत.

हा काटा तीनदा आणा. पहिल्यांदा गंमत म्हणून : मुलं खिशात दगड ठेवून, ते गुपचूप ताटाखाली सरकवून आकडा फुगवतात. दुसऱ्यांदा कटकट म्हणून : आजारी मुलाला उरलेलं संपवायला लावतात. तिसऱ्यांदा वही हाती लागते आणि प्रत्येक नावापुढे ताटाच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना दिसतो. ६० ते ७० हजार शब्दांची कादंबरी असेल तर पहिली वेळ ६ हजारांच्या आसपास, तिसरी ४० हजारांच्या आधी. त्यानंतर उकल लांबवली की वाचक पुढे जातो आणि पात्रं मागे राहून बावळट दिसतात.

शेवटच्या झटापटीत नवी शक्ती फुटू देऊ नका. नायिका जे करून सुटते, ते तिने आधी दोनदा केलेलं असावं, एकदा तरी फसलेलं. दगडांची चलाखी इथे उपयोगी पडू शकते : वहीतले आकडे महिनाभर खोटे असतील तर शाळेचा सगळा हिशेबच चुकतो.

तीन भागांचा बेत असला तरी रकान्यात काय लिहिलंय ते पहिल्याच भागात सांगून टाका. दुसऱ्या भागाला वेगळा प्रश्न द्या. सुटून आलेल्या मुलीला घरचे पुन्हा दारात उभं करतील का, हा चांगला आहे, कारण पडदे अजून पेटतातच.