डिझेलचा काटा हलत नाही म्हणून लगेच फ्लोट युनिट आणू नकोस

अरे भावा, पिकअपचा डिझेल दाखवणारा काटा बंद पडला म्हणून टेन्शन घेऊ नकोस, जुन्या डिझेल पिकअपला हे होतंच, आणि हे काम घरी जमण्यासारखं आहे. फक्त सगळे जी चूक करतात ती तू करू नकोस, म्हणजे काटा पडला की थेट दुकानात जाऊन नवीन फ्लोट युनिट (टाकीत तरंगून डिझेल किती आहे ते काट्याला कळवणारा भाग) आणायचं. आधी टाकीची अर्थिंग, म्हणजे टाकीपासून गाडीच्या बॉडीला जाणारी वायर बघ. अर्थची वायर गंजलेली असते, पॉलिश पेपरने घासून घट्ट केली की बऱ्याचदा काटा आपोआप जागेवर येतो, मी स्वतः एकदा नवीन युनिट बसवून मग हे शिकलोय 😅

अर्थ ठीक असेल तर युनिट काढ, मल्टीमीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजायच्या सेटिंगवर) लाव आणि फ्लोट हळूहळू वरखाली कर. आकडा सलग बदलला पाहिजे, मधेच उडाला तर युनिट गेलं.

काढताना एवढं सांभाळ:
- टाकी जवळपास रिकामी असू दे. 40 लिटर डिझेल म्हणजे 33 किलोच्या आसपास वजन, खाली झोपून पेलवत नाही
- उघडायच्या आधी वरची माती साफ कर, नाहीतर सगळी टाकीत
- सप्लाय (इंजिनकडे जाणारा) आणि रिटर्नच्या (टाकीत परत येणारा) पाइपवर खूण कर
- ओरिंग (युनिटखालची रबरी सील रिंग) नवीनच टाक, जुनी फुगलेली असते, परत नीट बसत नाही

बसवताना फ्लोटची दांडी वाकवू नको हां. नंतर गाडी लगेच स्टार्ट झाली नाही तर घाबरू नकोस, लाइनमध्ये हवा गेलेली असते, हँड प्रायमर (डिझेल लाइनवरचा छोटा हातपंप) मारून हवा काढ. काट्याचं कॅलिब्रेशन वगैरे नंतर बघू.