मोबाइल सुटत नाही, त्यात आणखी गेम?

“ताई, तो आधीच दिवसभर मोबाइलमध्ये असतो. आणि तुम्ही वर गेम खेळू द्या म्हणता?” 16 वर्षांच्या ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाच्या आईचा हा प्रश्न. असंच काहीसं बरेच पालक विचारतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तक्रार अशी: वजन वाढतंय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आणि चालायचं नाव काढलं की मुलगा दार लावून बसतो. घरचे याला आळस म्हणत होते. मुलाशी बोलल्यावर (तो तोंडी बोलण्यापेक्षा टाइप करून छान सांगतो) वेगळंच निघालं. किती चालायचं, कुठून परत फिरायचं, वाटेत कोण थांबवून काय विचारेल, कुत्रा कधी भुंकेल, यातलं काहीच त्याला आधी कळत नाही. शिवाय भरभर चाललं की छाती धडधडते आणि घाबरल्यावरही तशीच धडधडते; त्याला दोन्ही सारखंच वाटायचं. ऑटिस्टिक मुलं-किशोरांपैकी सुमारे 40 टक्क्यांमध्ये चिंताविकार आढळतो, आणि पुढे काय होणार हे माहीत नसणं त्यांना फार जड जातं. अशा मुलाला “जरा मोकळ्या हवेत फिरून ये” म्हणणं म्हणजे न शिकवलेल्या विषयाच्या परीक्षेला बसवणं.

त्याला पोकेमॉनची (कार्टूनमधल्या काल्पनिक प्राण्यांची) नावं क्रमांकासह पाठ होती, म्हणून पोकेमॉन गो निवडला. 2016 मध्ये आलेला हा मोबाइल गेम बाहेर प्रत्यक्ष चालून खेळायचा असतो; त्यातली अंडी उबवायला ठरलेलं अंतर, उदाहरणार्थ 2, 5 किंवा 10 किलोमीटर, चालावं लागतं. आवडीचा भाग आहेच, पण माझ्या मते खरं काम केलं ते त्या आकड्याने. शेवट कुठे आहे हे कळलं, की निघणं सोपं होतं.

सुरुवात फक्त फाटकापर्यंत. मग ठरलेली वेळ, ठरलेली वाट, कानावर हेडफोन, आई सोबत पण गप्प. निघताना आणि आल्यावर भीती किती, हे तो 0 ते 10 मध्ये कागदावर लिहायचा. धडधड वाढली तरी भीतीचा आकडा वाढलेला नाही, हे त्याने स्वतःच कागदावर पाहिलं. मी शंभरदा सांगून ते पटलं नसतं.

अडचणी आल्याच. एकदा नेटवर्क गेलं, गेम अडकला आणि तो रस्त्यातच खाली बसला. त्यानंतर खिशात एक कार्ड आलं: “गेम बंद पडला तर वाट तीच, परतायचं ठिकाण तेच.” दुसरी कटकट सलग 7 दिवस खेळल्यावर मिळणाऱ्या बक्षिसाची; एक दिवस चुकला की साखळी तुटते. ताप असतानाही तो निघाला. गेम बनवणाऱ्यांना तुम्ही रोज यावं असं वाटतं. मुलाच्या तब्येतीशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणून साखळी कधी तोडायची, हे आम्ही त्याच्याबरोबर बसून आधीच ठरवलं, आणि एकदा मुद्दाम तोडूनही पाहिली.

पालकांनी सेटिंग स्वतः लावून द्यावीत. कंपन आणि आवाज बंद, खरेदीला पासवर्ड, अनोळखी माणसांच्या मैत्री-विनंत्या नकोत. गेममधली ‘अॅडव्हेंचर सिंक’ ही सोय सुरू केली की अॅप बंद असतानाही चाल मोजली जाते, त्यामुळे रस्ता ओलांडताना फोन खिशातच. गर्दी जमवणारे खेळातले कार्यक्रम मी तरी टाळायला सांगते.

हा उपाय सगळ्यांना लागू नाही. कुणाला पोहणं बरं वाटतं, कुणाला ट्रॅम्पोलिन, आणि कुणाला स्क्रीनचा लखलखाटच सहन होत नाही. झोप-जेवण उडालं असेल किंवा मूल स्वतःला इजा करत असेल, तर गेमच्या नादी न लागता मनोविकारतज्ज्ञांकडे जा.

आईची पुढची धास्ती: “गेमचा कंटाळा आला तर चालणंही सुटेल ना?” सध्या तो गेम अधूनमधूनच उघडतो, चालणं सुरू आहे. वाट बदलायला मात्र अजून तयार नाही. पुढच्या भेटीत त्यावरच बोलणार आहोत.