साडेसहा लाखांची भिंत आधी, की पाण्याची वाट आधी? मुळशीच्या प्लॉटबद्दल

एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. मुळशी तालुक्यात बंगलो स्कीममध्ये १२ गुंठ्यांचा एनए प्लॉट, ताबा २०२२ मध्ये मिळाला, घर बांधलं, वीकेंडला भाड्याने देतात, सगळं केअरटेकर बघतो. मागे लॉन हवं म्हणून जेसीबीने उतार कापून माती खालच्या अंगाला ढकलली, आता ती दर पावसाळ्यात वाहून जातेय, कुंपणाचे दोन पोल उघडे पडलेत. कॉन्ट्रॅक्टरने आरसीसी रिटेनिंग वॉलचं, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंतीचं, साडेसहा लाखांचं कोटेशन दिलंय. हाताशी ९ लाखांची एफडी आहे पण ती मुलीच्या इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी, जून-जुलैत लागणार. तर एफडी मोडून भिंत बांधायची की प्लॉट विकून मोकळं व्हायचं?

ताई, माझं मत स्पष्ट आहे, या पावसाळ्याआधी पैसे पाण्यावर घाला, भिंतीवर नको. आणि मुलीच्या एफडीला हात लावू नका.

का ते सांगतो. तुमच्या घराचं छप्पर दीड हजार स्क्वेअर फूट म्हणजे साधारण १४० चौरस मीटर. मुळशीच्या घाटाकडच्या बाजूला एका दिवसात २०० मिमी पाऊस काही नवलाचा नाही, तेवढा पडला तर नुसत्या छपरावरून २८ हजार लिटर पाणी खाली येतं, म्हणजे जवळजवळ तीन मोठे टँकर, आणि तुमच्या फोटोत दिसतंय की मागच्या दोन्ही पाईपांचं तोंड थेट त्या भरावावरच आहे! वरच्या रस्त्याचं पाणी तर वेगळंच. ही वाट तशीच ठेवून खाली भिंत उभी केली तर तेच पाणी भिंतीमागे साठणार, माती फुगणार आणि सगळा जोर भिंतीवर येणार. रिटेनिंग वॉल पडतात त्या बहुतेक याच कारणाने. तुमचं कोटेशन तर एका ओळीचं आहे, पाया भरावात घेणार की खालच्या मूळ मुरुमात, पाणी बाहेर पडायला वीप होल किती, भिंतीमागे दगडांचा थर आहे की नाही, काहीच नाही त्यात. ड्रॉइंगशिवाय साडेसहा लाख कोणालाही देऊ नका.

अजून एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीये, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. पाहुण्यांना साप-किरडाची भीती नको म्हणून केअरटेकर उतारावर नियमित तणनाशक मारतो. अहो, गवताची मुळंच माती धरून ठेवतात ना! उघड्या मातीवर थेंब आपटतो, कण सुटतात, मग बारीक ओघळी पडतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याच ओघळींची घळ होते. तणनाशक आजपासून बंद करायला सांगा, घराभोवती आणि वाटेवर ब्रश कटरने गवत कापू दे, त्याचे चार पैसे जास्त लागले तर द्या, उतारावरचं मात्र राहू दे.

आता पैशांचं. भाड्याच्या खात्यात २ लाख पडून आहेत आणि खर्च वजा जाता वर्षाला ३ लाखांच्या आसपास उरतात असं तुम्ही लिहिलंय. त्यातून पहिला टप्पा करा. आधी स्ट्रक्चरल किंवा जिओटेक्निकल (जमीन-माती तपासणाऱ्या) इंजिनिअरची व्हिजिट, मग छपराचं पाणी बंद पाईपमधून खालच्या नाल्यापर्यंत, उताराच्या वरच्या अंगाला आडवा चर, घळ पडलीये तिथे दगडांचे छोटे बांध, उघड्या मातीवर काथ्याची जाळी आणि पाऊस लागला की समपातळीत वाळ्याच्या ओळी. रोपं वीतभरापेक्षा कमी अंतरावर, म्हणजे २० मीटरच्या पाच ओळींना साधारण ७०० लागतील. वाळ्याची मुळं तीन-तीन मीटर खाली जातात, पण पहिल्या पावसात चमत्कार होईल अशी अपेक्षा नको, त्याला एक-दोन वर्षं द्यावी लागतात. माझ्या अंदाजाने हे सगळं दीड लाखाच्या आत बसावं, दर मात्र तिथलेच काढा. मग हा पावसाळा बघा, आणि दिवाळीनंतरही भिंत लागतेय असं इंजिनिअर म्हणाला तर भाड्याचे पैसे जमतील तशी बांधा. गॅबियनचंही कोटेशन घ्या, जाळीत दगड भरलेले असतात, पाणी आरपार जातं आणि जमीन थोडी बसली तरी सांभाळून घेतं.

वरच्या रस्त्याच्या पाण्याचा खर्च तर तुम्ही करायचाच कशाला? रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामातला किंवा करारातल्या सुविधांमधला दोष कळवला तर प्रमोटरला, म्हणजे स्कीमच्या बिल्डरला, ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करावी लागते. तुमची मुदत २०२७ मध्ये संपते. करारात रस्त्याकडेची गटारं लिहिली आहेत का बघा, असतील तर फोटोसकट लेखी पत्र लगेच पाठवा, फोनवर बोलून काही होत नाही.

विकण्याबद्दल म्हणाल तर आत्ता नको. घळ बघून गिऱ्हाईक भिंतीच्या खर्चापेक्षा जास्तच भाव पाडणार. उद्या विकायचा झालाच तर भिंतीचा खर्च कॅपिटल गेनमध्ये, म्हणजे विक्रीवरचा नफा काढताना, सुधारणेचा खर्च म्हणून दाखवता येतो, साडेसहा लाखांवर १२.५ टक्के धरले तर ८१ हजारांच्या आसपास टॅक्स वाचतो, म्हणून बिल जीएसटीचं घ्या आणि पेमेंट बँकेतूनच करा. चर साफ करणं, गवत कापणं हे मात्र त्यात धरत नाहीत.

घराचा विमा भारत गृह रक्षा प्रकारचा असेल तर दरड आणि जमीन खचणं त्यात येतं, पण भराव टाकलेली जमीन बसली किंवा सरकली तर तो भाग वगळलेला असतो. तुमच्या मागच्या अंगणाचं नेमकं तेच आहे, तेव्हा विम्याच्या भरवशावर बसू नका.

आणि हे सगळं उतार फक्त वरवर झिजतोय असं धरून लिहिलंय. लॉनवर कडेला समांतर भेग दिसली, पोल किंवा झाड खाली कललं, घराच्या मागच्या भिंतीला तिरका तडा गेला, तर तो सगळा भरावच सरकतोय आणि तिथे वाळा-बिळा उपयोगाचा नाही. मग इंजिनिअर हो म्हणेपर्यंत बुकिंग बंद, पाहुणे नाहीत, केअरटेकरचं कुटुंब मागच्या खोलीत झोपत असेल तर त्यांना आधी हलवा. बुकिंग बंद म्हणजे भाडंही बंद, तेव्हा भिंतीसाठी एफडी मोडण्यापेक्षा तिच्यावर लागेल तेवढाच ओव्हरड्राफ्ट घ्या, व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं आणि वापराल तेवढ्यावरच लागतं. पण तेवढी एफडी बँकेकडे अडकते, म्हणून ओव्हरड्राफ्ट घ्यायच्या आधी पहिल्या वर्षाची फी वेगळी काढून ठेवा, पुढच्या वर्षांसाठी एज्युकेशन लोन आहे. या रविवारी स्वतः जाऊन ती कड बघून या, केअरटेकरच्या फोटोंवर नको.