फसलेल्या फोटोंवर स्वतःलाच हसू कसं येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : हौस म्हणून पक्ष्यांचे फोटो काढायला लागलात, घरी येऊन बघता तर निम्मे हललेले आणि उरलेल्यांत पक्षीच नाही. ओळखीतले जुनेजाणते स्वतःच्या असल्या फोटोंवर खदाखदा हसतात, तुम्हाला मात्र नुसता वैताग येतो. हसू येतं तरी कसं, आणि असे फोटो चारचौघांना दाखवावेत का?

आधी एक सांगतो, त्याच दिवशी हसू मलाही येत नाही. पहाटे उठून, जड लेन्स खांद्यावर वागवून रिकाम्या फांद्या घरी आणल्या की कुणाचंही डोकं फिरेल. हसू येतं ते नंतर, आणि तेही सगळ्या फोटोंवर नाही. फोटो नेमका का फसला हे कळलं, की मगच त्यातली गंमत दिसते. 'छ्या, गेला' म्हणून डिलीट केलेल्या फोटोत विनोद कुठून सापडणार?

माझ्याकडे एक फोटो आहे. पाण्यावर झुकलेली फांदी. इतकी चोख फोकसमध्ये, की सालीच्या भेगा मोजता येतील. कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा, त्यावर दवाचा थेंब. आणि फांदीच्या टोकाला ताजी, ओली, अजून ओघळत असलेली शीट. खंड्या नाही. बराच वेळ तो तिथे ढिम्म बसून होता याचा एवढाच काय तो पुरावा. उडण्याआधी पक्षी बरेचदा शिटतो, ही खूण अनुभवी मंडळी पहिल्याच दिवशी सांगतात. मलाही सांगितली होती. खूण मिळाली, मी बटण दाबलं, आणि कॅमेऱ्याने इमानेइतबारे खुणेचाच फोटो काढला!

आता यात माझा गाढवपणा किती आणि गणित किती, ते बघा. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला आठ-दहा मीटर वेगाने उडणारा पक्षी तेवढ्यात दोन-अडीच मीटर पुढे जातो. फुल फ्रेम, म्हणजे नेहमीच्या फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स लावली, तर २० मीटरवरच्या चौकटीची रुंदी भरते जेमतेम १.८ मीटर. म्हणजे 'उडाला!' असं मनात म्हणेपर्यंत पक्षी चौकटीबाहेर. फांदीवरून नुकताच सुटलेला पक्षी एवढ्या वेगात नसतो हे खरं, पण बसलेला असताना आपण त्याला चौकटीत इतका घट्ट धरलेला असतो की पंखभर सरकला तरी संपलं. माणसाच्या बोटाला हे जमणारं नाही हे कंपन्यांनाही कळलं. ऑलिंपसने २०१६ मध्ये ई-एम१ मार्क टू कॅमेऱ्यात अशी सोय दिली, की बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा आधीपासूनच फ्रेम साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर मागच्या काही फ्रेमही देतो. आता ही सोय बऱ्याच मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यांत असते. तुमच्याकडे असेल तर जरूर वापरा. तीही वापरून खंड्या निसटला तर मात्र मनसोक्त हसा, कारण मग सबबी संपल्या.

आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, तर याहून मजा आहे. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, क्षणभर काळा होतो. फोटो निघतो तो नेमका त्याच काळोखात. त्यामुळे 'मी स्वतः पाहिलं, पंख पूर्ण पसरले होते!' असं कुणी छातीठोकपणे सांगू लागला की समजायचं, तो क्षण फोटोत नाही. फ्लॅश वापरणारे जुने लोक म्हणायचे, फ्लॅश व्ह्यूफाइंडरमधून दिसला तर फोटो हुकला.

फिल्मच्या काळातले किस्से वेगळेच. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे लेन्सला झाकण असलं तरी खिडकीतून सगळं छान दिसायचं. अख्खा समारंभ झाकण लावून टिपणारे वीर होऊन गेलेत. दुसरा प्रकार म्हणजे फिल्मचं टोक आतल्या रिळात न अडकणं, म्हणजे फिल्म जागची हलतच नाही. खटका ओढतोय, क्लिक ऐकू येतंय, आकडा पुढे सरकतोय. रोल ३६ फोटोंचा, पण ३६ झाले, ३७ झाले, ३८ झाले, रोल काही संपेना. 'आज फिल्म जास्तच निघाली' या आनंदात माणूस ४० पर्यंत जायचा. मग पोटात गोळा.

ग्रुप फोटोत डोळे मिटण्याचं दुःख तर जगजाहीर आहे. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी त्याचंही गणित मांडलं आणि २००६ मध्ये गणिताचा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळवला. वीसपेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल, तर माणसांच्या संख्येला तीनने भागा. उजेड कमी असेल तर दोनने. तेवढे फोटो काढले तर एखाद्यात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची बऱ्यापैकी खात्री. म्हणजे पंधरा जण असतील तर पाच फोटो. एकच काढून 'तुम्ही दरवेळी डोळे मिटता' म्हणून काकांवर डाफरण्यात अर्थ नाही.

तेव्हा तुमच्या हललेल्या फोटोंकडे जरा तपासनिसासारखं बघा. सगळी फ्रेम एकाच दिशेने ओढली गेली असेल तर हात हलला. मागची झाडं स्थिर आणि फक्त पंख पुसट असतील तर शटर स्पीड कमी पडला, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहिलं. उडत्या पक्ष्याला १/१००० सेकंद तरी लागतो, छोट्या चपळ पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान. पक्षी धूसर आणि मागचं गवत पातं न् पातं दिसेल असं, तर फोकस गवतावर गेला. अशा फोटोंत मला सर्वांत जास्त हसू येतं, कारण कॅमेऱ्याने मन लावून, कौतुकाने गवत टिपलेलं असतं.

डिलीट करायची घाई नको, निदान कॅमेऱ्याच्या पिटुकल्या पडद्यावर बघून तरी नको. झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच माणसाने विशीच्या आत शर्यतीतल्या एका गाडीचा फोटो काढला होता. गाडीबरोबर कॅमेरा फिरवला, जिच्यातून उजेड आत येतो ती शटरची फट सरकत गेली, त्यामुळे चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं, मागचे प्रेक्षक उलट्या बाजूला कलले आणि गाडीचा पुढचा भाग तर फ्रेमबाहेरच राहिला. त्याने तो फसला म्हणून बाजूला ठेवला. पुढे १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन झालं, आणि आज वेगाचा फोटो म्हटलं की हाच दाखवतात. म्हणून लगेच आपल्या प्रत्येक धुरकट फोटोला कला म्हणू नका. बहुतेक हललेले फोटो नुसते हललेले असतात.

२०१५ पासून कॉमेडी वाइल्डलाइफ नावाची वन्यप्राण्यांच्या विनोदी फोटोंची एक स्पर्धा चालते, तिचे फोटो बघून कुणी म्हणेल की आमचेही तिथे पाठवू. ते वेगळं. तिथे फोटो अगदी नेटका असतो, फसलेला असतो तो प्राणी.

हसू न येणारे फोटोही असतातच. ज्यात सगळं बरोबर आहे, उजेड, फोकस, चौकट, आणि तरी बघावंसंच वाटत नाही, ते मला छळतात. त्यावर काय हसणार? दुसऱ्याने भरवशाने सोपवलेल्या कार्यक्रमाचे फोटो बिघडले तरी हसू नये, आधी माफी मागावी. आणि घास तोंडात असताना पकडलेला कुणाचा चेहरा ही आपली फजिती नाही, त्याची आहे. त्याला विचारल्याशिवाय दाखवू नका.

बाकीचे खुशाल दाखवा. फक्त खाली शटर स्पीड आणि लेन्स लिहा. नुसता धूसर फोटो दाखवला की लोक 'छान प्रयत्न' म्हणून सांत्वन करतात, ते फार वाईट लागतं. आकडा दिसला की 'उडता पक्षी आणि १/६०? तंद्री लागली होती का?' म्हणून सगळे तुटून पडतात, आणि त्यातलाच एखादा 'ऑटो आयएसओ (उजेडाप्रमाणे कॅमेऱ्याची संवेदनशीलता आपोआप ठरवणारी सोय) लाव, शटर १/१६०० च्या खाली जाऊच देऊ नको' असं कामाचंही सांगून जातो.