व्हिडिओ रिप्लेमुळे पंचांचे निर्णय खरंच सुधारलेत, की नुसते वाद वाढलेत?

सुधारलेत, हे आधीच सांगून टाकतो. मी काही वर्षं क्लबच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलोय. धावचीतचं अपील झालं की पोटात गोळा येतो. बॅट क्रीजमध्ये कधी टेकली आणि बेल्स कधी उडाल्या, दोन्हीकडे एकदम बघायचं कसं? बऱ्याचदा आपण चक्क अंदाज करतो आणि चेहरा तेवढा ठाम ठेवतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकरला तिसऱ्या पंचाने धावचीत दिलं. असा बाद झालेला तो पहिलाच. तेव्हापासून मोठ्या क्रिकेटमधल्या पंचांचा हा घोर संपला.

म्हणजे प्रश्न 'कुठे' असा असेल, तर कॅमेऱ्याला तोड नाही. 'मुद्दाम केलं का', 'किती जोरात' असा असेल, तर तोच कॅमेरा घोटाळा करतो. स्लो मोशनमध्ये साधा टॅकलही ठरवून केल्यासारखा दिसतो, कारण खेळाडूला विचार करायला खूप वेळ होता असं आपल्याला वाटायला लागतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये २०१९ साली पास इंटरफिअरन्सचे, म्हणजे पास झेलू पाहणाऱ्याला नियमाबाहेर अडवल्याचे, निर्णय रिप्लेने तपासायचा नियम आणला आणि एका हंगामातच गुंडाळला.

आणि शेवटी यंत्र चालवतात माणसंच. ३० सप्टेंबर २०२३, इंग्लंडमधला फुटबॉल सामना, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुइस डियाझने गोल केला, लाइनमनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. खोलीत बसलेल्या व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या सहाय्यक पंचाने, तपासलं, ऑफसाइड नव्हताच. पण मैदानावर गोल दिलाय अशी त्याची समजूत होती, म्हणून तो 'चेक कम्प्लीट' म्हणून मोकळा झाला. खेळ सुरू झाला. काही सेकंदांतच चूक लक्षात आली, पण एकदा खेळ सुरू झाला की नियमाने मागे जाता येत नाही. चित्र बरोबर, निष्कर्ष बरोबर, निर्णय चूक! लिव्हरपूल २-१ हरले. रिप्लेवर एवढा विश्वास नसता तर लोक इतके चिडलेही नसते, असं मला वाटतं.

क्रिकेटमध्ये वेगळीच गंमत. रिव्ह्यू मोजके, त्यामुळे कप्तान ते जुगारासारखे खेळतात. २०१९ च्या हेडिंग्ली कसोटीत इंग्लंडला जिंकायला २ धावा हव्या असताना ऑस्ट्रेलियाच्या लायनच्या चेंडूवर स्टोक्स पायचीत होता. पंचांनी नाबाद दिलं. बॉल ट्रॅकिंगने चेंडू यष्टीवर जाताना दाखवला, पण ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू थोड्याच वेळापूर्वी स्टोक्सचा जोडीदार लीचविरुद्ध उधळला होता, तोही लेग स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर. इंग्लंड एका विकेटने जिंकलं. लोक नाबाद देणाऱ्या पंच विल्सनला बोलले. मी ऑस्ट्रेलियाचा कप्तान पेनला बोललो असतो.

अम्पायर्स कॉलवर, म्हणजे अगदी काठावरच्या पायचीतला मैदानातल्या पंचाचाच निर्णय कायम ठेवण्यावर, मात्र माझा राग नाही. चेंडू पुढे कुठे गेला असता हा शेवटी संगणकाचा अंदाज, त्यात थोडं झुकतं माप मैदानातल्या पंचाला मिळालं तर बिघडलं कुठे?

मला खरं खटकतं ते जमिनीलगतच्या झेलांचं. लांबच्या लेन्समध्ये खोली चपटी होते आणि बोटं चेंडूखाली असली तरी चेंडू गवताला लागल्यासारखा दिसतो. पूर्वी मैदानातला पंच आपलं मत सॉफ्ट सिग्नलने सांगायचा, ते जून २०२३ पासून बंद झालं. असा झेल आला तर पडद्याआधी मी स्क्वेअर लेगच्या पंचाला विचारेन.